पॅन्थिऑनमधील लंबक, १८५१: एका जाहीर प्रयोगाच्या बांधणीचा प्रकरण अभ्यास

१८५१ सालच्या मार्च महिन्याच्या अखेरीस पॅरिसमधील पॅन्थिऑन या भव्य स्मारकाच्या घुमटातून, लेआँ फूको याच्या प्रयोगासाठी, ६७ मीटर लांबीची पोलादी तार खाली सोडण्यात आली आणि तिच्या टोकाला २८ किलो वजनाचा गोळा टांगला गेला. गोळा बाहेरून पितळेचा आणि आतून शिशाने भरलेला होता. त्याच्या तळाशी एक टोकदार सळई बसवलेली होती, आणि खाली मांडलेल्या वर्तुळाच्या कडेला ओल्या वाळूचे दोन लहान बांध घातलेले होते. गोळा झोका घेऊन कडेला पोहोचला की सळईचे टोक वाळूत एक खाच पाडत असे. पुढचा झोका परत आला की ती खाच किंचित रुंदावलेली दिसे, आणि रुंदावणे नेहमी एकाच बाजूला होई. बघ्यांना दिसत होते ते एवढेच. त्यावरून त्यांनी काढायचा निष्कर्ष मात्र असा होता की वाळू, फरशी, इमारत आणि ते स्वतः असे सगळेच लंबकाखाली फिरत आहेत.

या प्रयोगाचे भौतिकशास्त्र शालेय पुस्तकांतून पुष्कळदा सांगितले जाते. त्याची बांधणी मात्र दोन ओळींत उरकली जाते आणि ‘उंच इमारत मिळाली म्हणून मोठा लंबक टांगला’ अशी काहीशी समजूत मागे राहते. प्रत्यक्षात लांबी, वजन, तारेची जाडी, वरची पकड, गोळा सोडण्याची रीत आणि खालची वाळू यांतील प्रत्येक गोष्टीमागे एकेक अडचण होती. सार्वजनिक ठिकाणी असा लंबक आजही कुणाला उभारायचा असेल, तर त्याला त्याच अडचणींशी सामना करावा लागतो. आणि महाराष्ट्राच्या अक्षांशावर तर त्या पॅरिसपेक्षा बऱ्याच कठीण होतात.

तळघर ते घुमट

लेआँ फूको याचा जन्म १८१९ साली पॅरिसमध्ये झाला. त्याने वैद्यकीय शिक्षण सुरू केले होते, परंतु रक्त पाहणे सहन होत नसल्यामुळे ते सोडून दिले. पुढे तो सूक्ष्मदर्शकाच्या कामात साहाय्यक झाला आणि ‘जुर्नाल दे देबा’ या वृत्तपत्रासाठी विज्ञानविषयक वार्तापत्रे लिहू लागला. विद्यापीठातले पद त्याच्याकडे नव्हते, उच्च गणिताचे रीतसर शिक्षणही नव्हते; हाताचे कसब मात्र असामान्य होते. लंबकाची कल्पनाही त्याला कागदावर सुचली नाही, ती लेथवर सुचली. लेथच्या चकमध्ये एक लांब, लवचिक पोलादी कांब घट्ट धरून तिचे मोकळे टोक बोटाने छेडले असता ते थरथरू लागते. आता चक हाताने हळूहळू फिरवला, तरी थरथरण्याची दिशा चकबरोबर फिरत नाही, ती होती तशीच राहते. धरणारी वस्तू फिरली तरी आंदोलनाची दिशा फिरत नाही, हे यातून त्याच्या ध्यानात आले, आणि धरणारी वस्तू म्हणजे पृथ्वीच असेल तर काय होईल हा पुढचा प्रश्न त्यातूनच निघाला.

रू दासास या रस्त्यावर तो आईबरोबर राहत असे. त्या घराच्या तळघरात त्याने सुमारे दोन मीटर लांबीच्या तारेला पाच किलोचा पितळी गोळा टांगला. ३ जानेवारी १८५१ रोजी केलेल्या पहिल्या प्रयत्नात तार तुटली. बुधवार, ८ जानेवारीच्या पहाटे दोन वाजता लंबकाची दिशा सरकलेली दिसली, अशी त्याची नोंद आहे. पहाटेची वेळ निवडण्याचे कारण उघड आहे. रस्त्यावरच्या गाड्यांची धडधड थांबलेली असते, आणि दोन मीटरच्या लंबकाला तेवढा हादराही पुरेसा त्रासदायक ठरतो.

पुढची पायरी पॅरिस वेधशाळेच्या मध्यान्हरेषेच्या दालनात झाली. वेधशाळेचा प्रमुख आरागो याने तिथे ११ मीटर लांबीची तार टांगू दिली. फूकोने शास्त्रज्ञांना पाठवलेल्या निमंत्रणाचा आशय ‘उद्या तीन ते पाच या वेळात पृथ्वी फिरताना पाहण्यासाठी यावे’ असा होता, आणि ३ फेब्रुवारी १८५१ रोजी विज्ञान अकादमीपुढे त्याचा निबंध सादर झाला. पुवासाँसारख्या मोठ्या गणितज्ञाने याआधीच असे मत मांडून ठेवले होते की पृथ्वीच्या फिरण्याचा लंबकावरचा परिणाम लक्षात येण्याइतका मोठा नसतो. दर झोक्याचा हिशेब म्हणून त्यात चूक नव्हती. त्याच्या ध्यानात आले नाही ते हे की तो परिणाम प्रत्येक झोक्याला त्याच दिशेने होत राहतो आणि साठत जातो. एका झोक्यात न दिसणारी गोष्ट तासाभरात डोळ्यांना दिसू लागते.

त्यानंतर राष्ट्राध्यक्ष लुई-नेपोलियन बोनापार्ट याच्या इच्छेने हा प्रयोग जनतेसाठी पॅन्थिऑनमध्ये करण्याचे ठरले. उपकरणे तयार करण्याचे काम गुस्ताव फ्रोमाँ या नामांकित कारागिराकडे होते.

लांबी कशासाठी?

६७ मीटर हा आकडा भव्यतेसाठी निवडला होता असे म्हटले तर ते अर्धसत्य ठरेल. तारेच्या लांबीचा दिशा सरकण्याच्या वेगाशी काहीच संबंध नसतो. तो वेग केवळ अक्षांशावर ठरतो. ध्रुवावर लंबकाची दिशा तासाला १५ अंशांनी सरकते, विषुववृत्तावर ती मुळीच सरकत नाही, आणि मधल्या ठिकाणी १५ अंशांना त्या अक्षांशाच्या ज्याने, म्हणजे साइनने, गुणून जो आकडा येतो त्या वेगाने सरकते. पॅरिससाठी तो तासाला सुमारे ११.३ अंश येतो आणि पूर्ण फेरीला ३२ तासांहून थोडा कमी वेळ लागतो. तळघरातल्या दोन मीटरच्या लंबकालाही नेमका हाच वेग लागू होता. मग ६५ मीटर जादा तार कशाला?

याचे उत्तर लंबकाच्या एका वाईट खोडीत आहे. कितीही काळजी घेतली तरी टांगलेला गोळा अगदी सरळ रेषेत झुलत नाही; त्याचा मार्ग अत्यंत निमुळत्या लंबगोलासारखा होतो. तो लंबगोल एकदा तयार झाला की त्याची लांब बाजू आपोआप फिरू लागते, मग खाली पृथ्वी फिरत असो वा नसो. गोळा लंबगोलात ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने लांब बाजूही सरकते, त्यामुळे ही चूक कधी खऱ्या परिणामात भर घालते, कधी त्याला खाऊन टाकते. इंग्लंडचा राजज्योतिषी एअरी याने त्याच वर्षी या चुकीचे गणित मांडले: ती लंबगोलाच्या लांब आणि आखूड अर्धाक्षांच्या, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंतच्या दोन अंतरांच्या, गुणाकाराच्या प्रमाणात वाढते, आणि तारेची लांबी वाढवली की लांबीच्या वर्गाहूनही अधिक झपाट्याने घटते.

हे सूत्र पॅन्थिऑनच्या आकड्यांना लावून पाहिले असता लांबीचे प्रयोजन स्पष्ट होते. तार ६७ मीटरची आणि झोका मध्यापासून तीन मीटर धरला, तर गोळा मधल्या बिंदूपासून तब्बल ५७ सेंटिमीटर बाजूने गेल्यावर एअरीची चूक पृथ्वीच्या परिणामाइतकी होते. गोळा पाच-सहा सेंटिमीटर बाजूने गेला तरी चूक एक दशांशाच्या आसपास राहते, आणि प्रेक्षकांसाठीच्या प्रयोगात तेवढी चालून जाते. आता हाच हिशेब पुण्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या जिन्याच्या पोकळीत टांगलेल्या पाच मीटरच्या लंबकाला, अर्ध्या मीटरच्या झोक्याला लावून पाहावा. तिथे गोळा मधल्या बिंदूपासून अवघे दोन मिलिमीटर बाजूने गेला की लंबकाची दिशा एक तर दुप्पट वेगाने सरकते किंवा जागच्या जागी थांबते, आणि दहा टक्क्यांची अचूकता हवी असेल तर पाव मिलिमीटरसुद्धा चुकून चालत नाही. विज्ञान प्रदर्शनात हौसेने टांगलेले लंबक भलत्याच दिशेला फिरतात त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. पृथ्वीचा त्यात दोष नसतो, आणि विद्यार्थ्यांचाही फारसा नसतो.

तार, गोळा आणि वरची पकड

पॅन्थिऑनची तार १.४ मिलिमीटर जाडीची होती. २८ किलोच्या भाराला ती पुरेशी आहे का, हे पाहणे सोपे आहे: तारेच्या दर चौरस मिलिमीटरवर सुमारे १८ किलोचा ताण येतो आणि चांगली पोलादी तार याच्या कितीतरी पट ताण सोसते. मग सुरक्षिततेसाठी तीन मिलिमीटरची तार का घेऊ नये, असा प्रश्न कुणीही विचारील. त्याचे उत्तर हवेत आहे. सतरा-अठरा सेंटिमीटर व्यासाचा गोळा हवेला जेवढे क्षेत्र दाखवतो, त्याच्या सुमारे चौपट क्षेत्र ही बारीक दिसणारी तार ६७ मीटरच्या लांबीत दाखवते. तारेचा वरचा भाग जवळजवळ हलत नाही हे खरे, परंतु खालचा अर्धा भाग गोळ्याबरोबर झुलतो. तार दुप्पट जाड केली की हवेचा अडथळा लक्षणीय वाढतो आणि झोका लवकर मंदावतो. गोळा जड आणि घट्ट, म्हणजे शिशाने भरलेला, असण्यामागेही हाच विचार होता: वजन जास्तीत जास्त, आकार कमीत कमी.

खरी कसोटी वरच्या टोकाला होती. तार तिथे अशा रीतीने पकडावी लागते की ती प्रत्येक दिशेला सारख्याच सहजतेने वाकावी. पकडीच्या तोंडाशी एका बाजूला जरी बारीक कंगोरा राहिला, किंवा तार एका दिशेला किंचित ताठ असली, तरी लंबकाला झुलण्यासाठी एक आवडती दिशा मिळते, तो लंबगोलात शिरतो आणि मग त्या आवडत्या दिशेभोवतीच घुटमळत राहतो. तार ओढून काढताना तिच्यात राहिलेला पीळसुद्धा एवढ्यासाठी पुरतो. पकड ज्या तुळयांवर बसते त्याही सर्व बाजूंनी सारख्याच कणखर असाव्या लागतात. एका दिशेला थोडी दबणारी आणि दुसऱ्या दिशेला न दबणारी तुळई म्हणजे दोन वेगवेगळ्या लांबीचे लंबक एकाच तारेला टांगल्यासारखे होते. या असमानतेचे सखोल गणित पुढे कामरलिंग ओनेस याने १८७९ सालच्या आपल्या प्रबंधात मांडले. अतिशीत तापमानाच्या संशोधनासाठी आज जगाला माहीत असलेल्या या माणसाची सुरुवात लंबकाच्या टांगणीपासून झाली होती.

गवंड्याच्या ओळंब्यात आणि या लंबकात मूलतः काहीच फरक नाही. फरक असतो तो वरच्या बोटभर जागेत. उभारणीच्या खर्चातला आणि वेळेतला मोठा वाटा त्या बोटभर जागेसाठी राखून ठेवावा असे माझे मत आहे. प्रत्यक्षात मात्र तो चकचकीत गोळ्यावर आणि खालच्या संगमरवरी वर्तुळावर जातो, कारण छायाचित्रात तेवढेच दिसते.

दोरा जाळणे

गोळा हाताने सोडता येत नाही. सोडणाऱ्याच्या बोटांचा नकळत बसलेला हलका धक्काही गोळ्याला बाजूचा वेग देतो आणि तिथेच लंबगोलाचा जन्म होतो. म्हणून गोळा एका बाजूला ओढून एका दोऱ्याने बांधून ठेवायचा, त्याची सगळी थरथर शांत होईपर्यंत थांबायचे, आणि मग दोऱ्याला ज्योत लावायची, अशी रीत फूकोने वापरली. दोरा जळून तुटतो तेव्हा त्याचा ओढा केवळ बांधलेल्या दिशेनेच संपतो आणि बाजूचा धक्का बसत नाही. गर्दीपुढे प्रयोग करणाऱ्याला हे शांतपणे थांबणे नेहमी नकोसे होते आणि तो घाई करतो. आणि ज्योत लावण्याचा तो क्षण मात्र अख्ख्या प्रयोगातला सर्वांत नाट्यमय क्षण ठरतो.

दोरा तुटल्यावर गोळा अतिशय संथपणे निघतो. ६७ मीटरच्या लंबकाला एका पूर्ण आंदोलनासाठी सोळा सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो, म्हणजे या टोकाहून त्या टोकाला जायला आठ सेकंद. मधला बिंदू ओलांडताना, म्हणजे सर्वाधिक वेगातही, तो सेकंदाला सव्वा मीटरपेक्षा कमी, साधारण चालणाऱ्या माणसाच्या गतीने जातो. २८ किलोची वस्तू अशा गतीने माणसांच्या रांगेसमोरून सरकत जाते, वाळूपाशी क्षणभर थबकते आणि परत फिरते. या संथपणाचा उपयोग असा की बघ्याला एकेक खाच पडताना पाहायला वेळ मिळतो. प्रत्येक आंदोलनानंतर खाच अडीच-पावणेतीन मिलिमीटरने सरकते. दहा मिनिटांत ती जवळजवळ दहा सेंटिमीटर होते. शास्त्रज्ञाला कोन मोजायचा असतो, पण घटकाभर थांबून पुढे जाणाऱ्या माणसाला अंशांच्या खुणांचे काय? त्याच्यासाठी ढासळणारी वाळू हेच मोजमाप होते, आणि माझ्या मते साऱ्या मांडणीतली ती सर्वांत हुशार गोष्ट होती.

लंबकाला बाहेरून कोणताही रेटा दिलेला नव्हता. हवेच्या अडथळ्याने झोका हळूहळू लहान होत जाई आणि पाच-सहा तासांनंतर गोळा पुन्हा बांधून दोरा जाळावा लागे. तेवढ्या वेळात दिशा साठ-सत्तर अंशांनी सरकलेली असे. सार्वजनिक प्रदर्शनासाठी ही मर्यादा त्रासाची असल्याने १८५५ सालच्या पॅरिस प्रदर्शनात फूकोने विद्युतचुंबकाने चालू ठेवलेला लंबक मांडला. जगभरच्या संग्रहालयांतून दिसणारे बहुतेक लंबक आज असेच चालतात. गोळा मधल्या बिंदूजवळ आला की चुंबक क्षणभर ओढतो आणि लगेच सोडतो. चुंबक मध्यापासून किंचित जरी सरकला असेल, तर प्रत्येक आंदोलनाला तो लंबगोलात भर घालत राहतो, म्हणून त्याच्या जोडीला तारेच्या वरच्या भागाभोवती एक कडे बसवतात. झोक्याच्या टोकाला तार त्या कड्याला घासते आणि बाजूची गती तिथल्या घर्षणात मरते. शारों याने १९३१ साली सुचवलेला हा उपाय दिसायला सामान्य आहे, पण आखूड लंबकांना त्यानेच जगवले.

पुढे काय झाले

प्रयोग लोकप्रिय ठरला आणि त्याच वर्षी युरोप-अमेरिकेतल्या अनेक उंच इमारतींत लंबक टांगले गेले. रांस येथील प्रार्थनामंदिरातही एक टांगला होता. पॅन्थिऑनमधला लंबक मात्र वर्षभरही टिकला नाही. २ डिसेंबर १८५१ रोजी लुई-नेपोलियनने सत्ता बळकावली आणि काही दिवसांतच पॅन्थिऑन पुन्हा चर्चच्या ताब्यात देण्याचा हुकूम निघाला. राष्ट्राध्यक्षाच्या इच्छेने टांगलेला लंबक त्याच राष्ट्राध्यक्षाच्या राजकारणाने खाली उतरला. गणितज्ञांनीही अक्षांशाचे हे सूत्र आमच्या जुन्या समीकरणांतून सहज निघते असे म्हणायला सुरुवात केली होती. आधी कुणी काढले नव्हते ही गोष्ट वेगळी. अक्षांशाचे गणित सामान्य माणसाला पचायला जड जाते हे ओळखून फूकोने १८५२ साली पृथ्वीचे फिरणे दाखवणारे दुसरे उपकरण बनवले आणि त्याला जायरोस्कोप हे नाव दिले. अकादमीने त्याला सदस्यत्व दिले ते थेट १८६५ साली, मृत्यूच्या तीन वर्षे आधी.

१९०२ साली पॅन्थिऑनमध्ये हा प्रयोग पुन्हा करण्यात आला, आणि १९९५ पासून तिथे प्रतिकृती टांगलेली आहे. फूकोचा एक मूळ गोळा पॅरिसच्या कला आणि हस्तव्यवसाय संग्रहालयात टांगलेला होता. ६ एप्रिल २०१० रोजी त्याची तार तुटली, गोळा फरशीवर आदळला आणि दुरुस्त न होण्याइतका खराब झाला. तळघरात पहिल्या प्रयत्नाला झालेला अपघात १५९ वर्षांनी पुन्हा झाला. तार वापराने शिणते, आणि शिणते ती नेमकी वरच्या पकडीपाशी. वरून पाहणी करण्याची वाट न ठेवता उभारलेला कोणताही लंबक म्हणूनच अपुरा समजावा.

आपल्या अक्षांशावर

भारतात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत फूको लंबक आहे, आणि दिल्लीच्या नव्या संसद भवनातल्या संविधान दालनात राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेने तयार केलेला २२ मीटर उंचीचा, ३६ किलो वजनाचा लंबक २०२३ पासून झुलतो आहे. त्याच्या पूर्ण फेरीला ४९ तास ५९ मिनिटे १८ सेकंद लागतात असे जाहीर करण्यात आले होते. दिल्लीचा अक्षांश २८.६ अंश धरून सूत्र लावले की जवळपास हाच आकडा येतो.

पुण्याचा अक्षांश १८.५ अंश. तिथे दिशा तासाला ४.८ अंशांनीच सरकते आणि फेरीला ७५ तासांहून अधिक वेळ लागतो. पुष्कळ ठिकाणी वाळूऐवजी वर्तुळावर ओळीने खुंट्या मांडतात आणि गोळा एकेक खुंटी पाडत जातो. पाच अंशांवर एक खुंटी ठेवली, तर पॅरिसमध्ये खुंटी पडण्यासाठी २६ मिनिटे थांबावे लागेल, दिल्लीत सुमारे ४२ मिनिटे, आणि पुण्यात तासाभराहून जास्त. शाळेची सहल तेवढा वेळ थांबत नाही. समोरासमोरच्या खुंट्या एकमेकींपासून अर्ध्या अंतराने हलवून मांडल्या, तर एकदा या बाजूची आणि एकदा त्या बाजूची पडते आणि वाट पाहणे निम्म्यावर येते. हा फुकटचा उपाय सहसा केला जात नाही.

पॅरिसची वाळू जशीच्या तशी इकडे आणता येईल का, तेही तपासून पाहायला हवे. पुण्यात २२ मीटरची तार आणि मध्यापासून एक मीटरचा झोका धरला, तर एका आंदोलनात खाच ०.२२ मिलिमीटरने सरकते. भरड वाळूचा एक कण याहून मोठा असतो, त्यामुळे वाळू ढासळली ती लंबकामुळे की आपल्याच वजनाने, हे बघ्याला कळणार नाही. बांध बारीक चाळलेल्या रांगोळीचा घालावा, त्याखाली काळी फरशी असावी, आणि सळईचे टोक सुईसारखे घासून घ्यावे. असे केले की दहा मिनिटांत जवळजवळ दीड सेंटिमीटर रुंदीची, एका बाजूला स्वच्छ कडा असलेली खाच तयार होते, आणि ती कठड्यापाशी उभ्या असलेल्या मुलाला वाकून न पाहताही दिसते.